मुगागाठी : सणाच्या पानातले मूग

पुण्यात मूग म्हटलं की लोकांना एकतर आजाऱ्याचं कढण आठवतं नाहीतर डाएटचं सॅलड. ताप आला की मुगाची खिचडी, वजन कमी करायचं ठरलं की मोड आलेले मूग, वर लिंबू पिळून, आणि खाणाऱ्याचा चेहरा असा की शिक्षा भोगतोय. पाहुणे जेवायला येणारेत आणि मी मूग करतेय असं सांगितलं तर समोरचं माणूस हमखास म्हणणार, अगं काहीतरी चांगलं कर की. मला हे मनापासून खटकतं. कारण लग्न होऊन मी ज्या कोंकणी घरात आले तिथे मूग हा सणाचा पदार्थ आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला मूग, लग्नाच्या पंगतीत मूग, देवळातल्या महाप्रसादात मूग, आणि ते पानात कुठेतरी कोपऱ्यात चमचाभर वाढलेले नाहीत, भातावर घ्यायचे, परत मागून घ्यायचे.

माझं माहेर नारायण पेठेतलं. आईची मुगाची उसळ म्हणजे गोडा मसाला, गूळ, आमसूल, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर, ती मला आजही तितकीच आवडते आणि पोळीबरोबर तिला तोड नाही. सासर मात्र गोव्यातल्या फोंड्याकडचं. सासरे नोकरीसाठी पुण्यात आले, कोथरूडला घर घेतलं आणि मग इथलेच झाले, पण घरात अजून कोंकणीच बोलतात आणि स्वयंपाकही तिकडचाच. चवथीच्या दोन दिवस आधी आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मूग भिजयले गो?" मोदकांचं, नेवऱ्यांचं, पातोळ्यांचं सगळं नंतर, आधी मूग. कारण मुगागाठी, म्हणजे सोललेल्या मोडाच्या मुगांचा खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा, आयत्या वेळी होत नाहीत, त्यांना दोन दिवस द्यावेच लागतात.

आणि याच मुद्द्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. मुगागाठीला महागाचं काही लागत नाही. मूग, नारळ, धणे, मिरे, सुक्या मिरच्या, चिंच, गूळ, बस. कांदा नाही, लसूण नाही, काजू घातले तर घातले. तो सणाचा पदार्थ झाला तो त्यात पडणाऱ्या हातामुळे. मूग भिजवायचे, मोड आणायचे, परत भिजवायचे आणि मग एकेका मुगाचं साल काढायचं. हो, साल काढायचं. इथेच बरेच जण मागे फिरतात आणि म्हणतात त्यापेक्षा सरळ मुगाची डाळ का नाही घालायची. नाही चालत, का ते सांगते.

आधी मूग निवडण्याबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात मूग मुख्यतः खरिपाचा, जूनच्या पावसावर पेरतात आणि साधारण ६० ते ७० दिवसांत तयार होतो, त्यामुळे गणपतीच्या आसपास नवा मूग बाजारात येतो. कोकणात आणि गोव्यात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ, मूग घेतात. मी मंडईतून नाहीतर ओळखीच्या किराणावाल्याकडून सुटा मूग घेते, हातात घेऊन बघून. नव्या मुगाला मोड सगळे एकदम येतात, जुना असला की निम्मे आज, निम्मे उद्या, आणि मग साल काढताना जीव जातो. दुसरं म्हणजे गणंग. भिजवल्यावर सुद्धा जे दाणे फुगतच नाहीत, बारीक आणि कडक राहतात ते. त्यांच्या सालातून पाणी आत शिरतच नाही, त्यामुळे ते मोडही धरत नाहीत आणि शिजतही नाहीत, आणि पंगतीत एखाद्याच्या दाताखाली आला की संपलं. भिजलेले मूग ताटात पसरले की गणंग लगेच ओळखू येतात, आजूबाजूचे दाणे दुप्पट झालेले असतात आणि हे तसेच गडद हिरवे चकचकीत. ते तेव्हाच वेचायचे, नंतर सापडत नाहीत.

१ वाटी मूग रात्री भरपूर पाण्यात भिजवायचे. सकाळी निथळून ओल्या पंचात सैलसर बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळपर्यंत सुद्धा मोड दिसायला लागतात, पण डिसेंबर-जानेवारीत मात्र अख्खा दिवस जाऊन जेमतेम टोक बाहेर येतं. मग मी पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवते, तेवढी ऊब पुरते. आई पूर्वी पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या, गॅसच्या शेजारी. मोड किती आणायचे यावर मात्र आमच्याकडे अजिबात तडजोड नाही. अगदी बारीक, जेमतेम दिसेल इतकाच. बाजारात टोपल्यांमधे जे लांबच लांब मोडांचे मूग मिळतात ते भेळेत नाहीतर सॅलडमध्ये ठीक, मुगागाठीत ते चालत नाहीत, कारण मोड वाढला की दाणा दोन फाकांत सुटायला लागतो आणि चवीला जरासा गवताळ लागतो. मोड आणायचे ते मुख्यतः साल सैल व्हावं म्हणून. शिवाय मोड आल्यावर पोटात गॅस धरणाऱ्या साखरा कमी होतात, म्हणून घरातली म्हातारी माणसं सुद्धा हे मूग निर्धास्त खातात.

आता साल काढणं. मोड आलेले मूग मोठ्या पसरट पातेल्यात घ्यायचे आणि वर कोमट पाणी ओतायचं, हाताला जेमतेम ऊन लागेल इतकंच. कढत पाणी नको, दाणा मऊ पडून चुरतो. पाऊणएक तास ठेवलं की सालं आपणहून सुटायला लागतात, मोडाच्या बाजूने फाटलेलीच असतात. मग दोन्ही हात पाण्यात घालून मूग तळव्यांमधे घेऊन अगदी हलक्या हाताने चोळायचे. जोर लावायचा नाही. तळव्याखाली दाणा साल सोडून निसटतो ते नीट कळतं, एक गुळगुळीतपणा जाणवतो, आणि पाण्यावर हिरवी सालं तरंगायला लागतात आणि खाली फिकट पिवळे दाणे, प्रत्येकाला शेपटी. पातेलं तिरकं करून सालांचं पाणी गाळणीत ओतायचं, परत नवीन पाणी, परत चोळायचं, परत ओतायचं. पहिल्या दोन-तीन पाण्यात निम्म्याहून जास्त सालं जातात. नंतरची मात्र हट्टी असतात. ती मग ताटात मूग घेऊन बोटांच्या चिमटीत एकेक दाबून काढायची, दाणा टुणकन बाहेर येतो. आमच्याकडे या कामाला सगळे बसतात, नवरा, मुलगी, चुलत नणंद आली असेल तर ती, मधे मोठं ताट आणि गप्पा. मुलीला हे काम तिच्या होमवर्कपेक्षा कितीतरी जास्त आवडतं आणि तिची चिमटी माझ्यापेक्षा सफाईदार आहे. सालांचं पाणी कुंड्यांना घालते, सालं कढीपत्त्याच्या मातीत.

डाळ का नाही याचं उत्तर इथे आहे. डाळ शिजली की विरघळते, वरण होतं. सालासकट मूग शिजवले की सालामुळे रस्सा करडा-हिरवा दिसतो आणि जिभेला एक तुरटपणा येतो, कारण तुरटपणा असतोच मुख्यतः सालात. सोललेला मोडाचा मूग शिजतो मऊ पण राहतो अख्खा, चमच्यात घेतला तर दाणा न् दाणा दिसतो आणि तोंडात गेला की काही चावावं लागत नाही. आणि रस्सा स्वच्छ केशरी. हा रंग आणि हा मऊपणा दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही. प्रेशर कुकर लावायचा नाही हे ओघाने आलंच, शिटी झाली की सगळ्या मेहनतीचा लगदा.

मूग बुडून वर बोटभर राहील एवढं पाणी, हळद, थोडं मीठ, आणि उघड्या पातेल्यात मध्यम आचेवर. १० ते १२ मिनिटांत होतात, म्हणून तिथून हलायचं नाही. एक दाणा बोटात दाबून बघायचा, सहज दबला पण फुटून पसरला नाही की झालं. चिंच आणि गूळ यानंतरच. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायचं थांबतं, हे सगळ्याच उसळींना लागू आहे. तसंच बोअरच्या जड पाण्यात पण मूग लवकर शिजत नाहीत, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं तेव्हा मी मुगासाठी पिण्याचंच पाणी वापरते, फरक पडतो.

वाटण. १ वाटी मुगाला १ वाटी ओलं खोबरं, भरून. आई अजून आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर बसून नारळ खवतात, करवंटीकडचा तपकिरी भाग येऊ देत नाहीत, त्याने रंग मळतो. १ मोठा चमचा धणे आणि ६-७ मिरे थेंबभर खोबरेल तेलात परतायचे, वास सुटेपर्यंतच. ४-५ ब्याडगी मिरच्या, बिया काढून कोमट पाण्यात भिजवलेल्या. पाव चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. हे सगळं मिक्सरमधे गंधासारखं बारीक वाटायचं, थोडं थोडं पाणी घालत, बोटांत धरून चोळलं तर कण लागता कामा नये. ब्याडगीच का, तर तिखटपणा कमी आणि रंग भरपूर. ती हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, आता पुण्यात सगळीकडे मिळते. लवंगी किंवा संकेश्वरी घातली तर पदार्थ तिखट होतो आणि रंग मात्र तेवढा येत नाही. मिरे मला फार महत्त्वाचे वाटतात. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर १६ व्या शतकात आली, त्याआधी किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरीच. मिरची आली तरी मुगागाठीतल्या मिऱ्यांनी जागा सोडली नाही. घास गिळल्यावर घशात जी एक ऊब राहते ती मिऱ्यांची असते.

वाटण मुगात घातल्यावर बेताचं पाणी, गुळाचा छोटा खडा, मीठ बघून, आणि एक उकळी. जास्त उकळत ठेवलं तर खोबऱ्याचं तेल सुटतं आणि रस्सा फुटल्यागत दिसतो. मग खोबरेल तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, कढीपत्ता, वरून ओतायची आणि लगेच झाकण. खोबरेल तेल म्हटल्यावर पुण्यातली माणसं दचकतात, केसांना लावायचं तेल जेवणात कसं काय, माझी आई सुद्धा सुरवातीला म्हणाली होती. पण खायचं घाण्याचं खोबरेल वेगळं असतं आणि या पदार्थात शेंगदाण्याचं तेल घातलं तर तो माझ्या माहेरची उसळ होईल, मुगागाठी होणार नाहीत. मार्च-एप्रिलमधे कोणी गोव्याहून येत असेल तर ओले काजू, आमच्याकडे त्यांना बिब्बे म्हणतात, ते मागवून मुगाबरोबर शिजवायचे, मग तर काही बोलायलाच नको. माझ्या आईने या मुगागाठी पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि ती रात्री भात खात नाही.

आता जरा मोठा फेरा मारते. आमचं कुलदैवत मंगेश. १५६० साली हा देव कुशस्थळीहून, म्हणजे आताच्या कुठ्ठाळीहून, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला आणला गेला. त्या काळात कित्येक कुटुंबं गोवा सोडून दक्षिणेला गेली, कारवार, कुमठा, होन्नावर, मंगळूर, पार कोचीपर्यंत. भाषा सोबत गेली आणि मूगही गेले. आमच्या वरच्या मजल्यावर मंगळूरकडचं एक कोंकणी कुटुंब राहतं, त्यांच्याकडे बसलं की मला हे अगदी नजरेसमोर दिसतं. त्यांची कोंकणी आणि आमची कोंकणी यात एवढा फरक की कधीकधी आम्ही मराठीत किंवा हिंदीत शिरतो, पण मूग भिजवले, मोड आणले, साल काढलं, इथपर्यंत सगळं एकच. फरक पुढे.

त्यांच्याकडे खोबरं, परतलेल्या सुक्या मिरच्या आणि चिंच एवढंच वाटण, धणे-मिरे नाहीत. आणि मग गंमत फोडणीत. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली तर घश्शी. लसणाची, चांगली लाल होईपर्यंत तळलेली, तर कोद्देल. आणि वरून हिंगाचं पाणी आणि कच्चं खोबरेल तर बेंदी. वाटण जवळपास तेच, नाव फोडणीवरून. त्या घरातल्या काकींनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना परत परत विचारलं, इतकं ते मला आवडलं. त्या मुगात फणसाच्या आठळ्या घालतात, कधी बिंबल, म्हणजे एक आंबट फळ, मिळाले तर चिंचेऐवजी बिंबल. आणि केळफूल-मुगाचं सुक्कं करतात, त्याला वाटण जाडसर, परतलेली उडदाची डाळ आणि धणे घालून, रस्सा नाही. केळफूल पुण्यात मंडईत मिळतं, सोलायला वेळ लागतो, प्रत्येक फुलातला कडक दांडा काढावा लागतो आणि ताकाच्या पाण्यात टाकावं लागतं नाहीतर काळं पडतं. मूग सोलणाऱ्याला त्याचं काय एवढं. त्यांच्या घरी सकाळी नाश्त्याला पोह्यांबरोबर मुगाची उसळी असते, सालासकटच, मोहरी-मिरचीची फोडणी आणि मूठभर खोबरं, ती रोजची. साल काढलेले मूग सणाला.

हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोजचा मूग आणि सणाचा मूग यात फरक सामानाचा नाहीच, वेळेचा आणि हातांचा आहे. सण आला की आपण पनीर आणतो, काजूची ग्रेव्ही करतो, बाहेरून काहीतरी मागवतो, आणि ते करू नये असं माझं म्हणणं नाही, पण घरातल्या चार माणसांनी एका ताटाभोवती तासभर बसून सोललेले मूग जेव्हा पानात येतात तेव्हा पाहुण्याला ते कळतं. न सांगता कळतं. आमच्याकडे चवथीला जेवायला येणारे माझे पुण्याचे भाऊ-वहिनी आता मोदकांच्या आधी मुगागाठींची चौकशी करतात.

शहरात हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी. सोललेले मोडाचे मूग फ्रिजमधे घट्ट डब्यात दोन दिवस व्यवस्थित राहतात, त्यामुळे शनिवारी सोलून ठेवले तर सोमवारी ऑफिसला जायच्या आधी अर्ध्या तासात मुगागाठी होतात, श्रावणी सोमवारी मी असंच करते. वाटण फ्रीझरमधे ठेवलं तरी चालतं, पण चिंच न घालता. नारळ खवायला वेळ नसेल तर मंडईत खवलेला मिळतो, फक्त त्याच दिवशी वापरायचा. एकटं-दुकटं माणूस असेल तर अर्धी वाटी मूग घ्या, अर्ध्या वाटीचं साल गाणी लावून सहज निघतं. आणि हो, पूर्ण १०० टक्के सालं निघालीच पाहिजेत असं काही नाही, पाचपन्नास राहिली तर राहू देत, आई सुद्धा तेवढी सोडतात.

खायचं कशाबरोबर, तर उकड्या तांदळाच्या भाताबरोबर, बाजूला लोणचं किंवा तळलेला पापड. कोथरूडात आता उकडे तांदूळ मिळतात, नसतील तर इंद्रायणी चालेल, मला तर मुगागाठी आणि इंद्रायणीचा चिकट भात ही जोडी खास पुण्याची वाटते. पोळीबरोबर मात्र त्या पातळ पडतात, थोड्या घट्ट करायच्या. दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतात, गरम करताना मंद आचेवर आणि चमच्याने ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं म्हणजे दाणे मोडत नाहीत.

रामनवमीला काकींकडे पानक आणि कोसंबरी असते, ती मुगाच्या डाळीची, दोन तास भिजवून न शिजवता, काकडी, खोबरं, हिरवी मिरची, लिंबू आणि वर मोहरीची फोडणी. आमच्या माहेरी चैत्रात कैरी घातलेली हरभऱ्याची वाटली डाळ आणि पन्हं. गेल्या चैत्रात आम्ही दोन्ही केलं, एकाच दिवशी, आणि दोन्ही पातेली रिकामी झाली. कोसंबरीची सविस्तर कृती कोणाला हवी असेल तर सांगा, काकींना विचारून प्रमाणासकट टाकते. मीठ मात्र अगदी वाढायच्या वेळी घाला, आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि डाळ खाली बसते.